ब्रेकच्या टाकीतील पहारेकरी

दुसऱ्या महायुद्धात नावाजलेली विलिज जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुट्या भागांतून मुंबईत जुळवली जाऊ लागली. त्या घाटणीच्या काही गाड्या हौशी मंडळींनी आजही धावत्या ठेवल्या आहेत. मूळ रूपात मात्र फार थोड्या उरल्या. कोणाचे इंजिन बदलले, कोणाची ६ व्होल्टची बॅटरी जाऊन १२ व्होल्टची आली, तर कोणी ब्रेकची जुनी यंत्रणा काढून नवी बसवली. अशाच एका जीपला ब्रेक ऑइल कमी झाल्याची सूचना देणारा दिवा जोडायचा आहे, असे समजू. काम दोनतीन तारांचे आहे. पण त्यामागचे विज्ञान समजून घेण्याजोगे आहे.

मुळात हा दिवा हवा कशाला? तुम्ही ब्रेकचे पायडल दाबता तेव्हा मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या द्रवावर दाब देतो. पास्कलच्या नियमाप्रमाणे तो दाब नळ्यांतून सर्व चाकांपर्यंत सारखाच पोचतो. वरच्या टाकीतील द्रव हा राखीव साठा. म्हणून टाकी निम्मी झाली तरी ब्रेक पहिल्यासारखाच लागतो आणि चालकाच्या पायाला काहीही कळत नाही. खरा धोका याच गोष्टीत आहे. टाकीच्या तळाचे छिद्र उघडे पडले की नळीत हवा शिरते. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. मग पायडल खाली जाते, पण चाकांपर्यंत पुरेसा दाब पोचतच नाही.

जुन्या जीपमध्ये चारही चाकांना मिळून एकच मंडल होते. एके ठिकाणी गळती झाली की चारही ब्रेक जात. राहात असे तो फक्त हातब्रेक, कारण तो द्रवावर चालत नाही. गिअरच्या मागे फिरणाऱ्या दांड्याला तो धरतो. शिवाय मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, सांगाड्याला लावलेला. ऑइल पाहायचे तर तळाच्या पत्र्यावरचे झाकण उघडावे लागे. एवढी खटपट रोज कोण करणार? अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दोन स्वतंत्र मंडले आणि सूचक दिवा सक्तीचा झाला. आपल्या जीपला असाच दुहेरी सिलिंडर बसवलेला आहे, आणि त्यावर प्लॅस्टिकची टाकी आहे.

(जाता जाता : आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण हे नेहमीचे तेल नव्हे. ते ग्लायकॉल वर्गातील द्रव्यांचे असते. त्याऐवजी इंजिनाचे तेल ओतले तर आतील रबर फुगून निकामी होते.)

आता टाकीतील पहारेकऱ्याकडे वळू. द्रवावर एक हलका ठोकळा तरंगतो. त्यात छोटे लोहचुंबक असते. जवळच काचेच्या बंद नळीत लोहयुक्त मिश्रधातूची दोन बारीक पाती असतात; त्यांच्या टोकांत केसाएवढी फट असते. द्रव उतरला की ठोकळा उतरतो, चुंबक पात्यांजवळ येते, पात्यांची टोके विरुद्ध ध्रुव बनून एकमेकांना चिकटतात आणि कळ बंद होते. ही युक्ती १९३६ मध्ये अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत एलवुड यांनी शोधली. काचेत कोंडलेली असल्याने पात्यांना द्रव लागत नाही की धूळ.

जोडणी अशी. बॅटरीचे धन टोक, फ्यूज, चावीची कळ, दिवा, मग टाकीतील कळ, आणि शेवटी गाडीचा सांगाडा. सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. गॅरेजमध्ये याला ‘अर्थ’ म्हणतात. टाकी प्लॅस्टिकची आहे, तेव्हा कळेची दुसरी तार सांगाड्यापर्यंत न्यावीच लागते. स्क्रूखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करा. रंगावर जोडलेला अर्थ हा जुन्या गाड्यांतील निम्म्या विजेच्या तक्रारींचे मूळ असतो, असे म्हटले तर कोणी मिस्त्री नाकारणार नाही.

दिवा कोणता घ्यावा? १२ व्होल्ट, २ वॅटच्या बल्बमधून २ भागिले १२, म्हणजे सुमारे ०.१७ अँपिअर प्रवाह वाहतो. पण थंड तंतूचा रोध तापलेल्याच्या सुमारे दहावा हिस्सा असतो. त्यामुळे पहिल्या क्षणी प्रवाह दीड अँपिअरच्या वर जातो आणि नाजूक पाती चिकटून बसू शकतात. एलईडी बरा. इंजिन चालू असताना बॅटरीवर सुमारे १४.४ व्होल्ट असतात. एलईडीला २ व्होल्ट लागतात, उरलेले १२.४ व्होल्ट ६८० ओहमच्या रोधकावर पडले की प्रवाह ०.०१८ अँपिअर होतो. रोधकात जवळजवळ पाव वॅट उष्णता होते, म्हणून तो अर्ध्या वॅटचा घ्यावा. एलईडी उलटा जोडला तर लागत नाही, हे ध्यानात ठेवा.

एवढे झाले तरी मोठा प्रश्न राहतोच. दिवा लागत नाही, याचा अर्थ काय? ऑइल पुरेसे आहे हा एक. दिवा गेला, फ्यूज उडाला किंवा तार तुटली हा दुसरा. दोन्ही वेळी चालकाला दिसतो तो अंधारच! यावर उपाय म्हणून हातब्रेकच्या मुठीजवळ आणखी एक कळ बसवून ती टाकीतील कळेला समांतर जोडतात. हातब्रेक ओढला की दिवा लागतो, सोडला की विझतो. रोज गाडी सुरू करताना दिव्याची आपोआप परीक्षा होते. मात्र टाकीकडे जाणारी तार यात तपासली जात नाही. ठोकळा झाकणाला टांगलेला असेल, तर चावी चालू ठेवून झाकण उचला. ठोकळा खाली घसरून दिवा लागला पाहिजे. ही तपासणी महिन्यातून एकदा करावी.

घाटाच्या चढावर किंवा वळणावर दिवा क्षणभर लुकलुकला, तर तार सैल आहे असे लगेच समजू नका. गाडी कलली की टाकीतील द्रवाची पातळीही कलते. पातळी आधीच खाली आलेली असेल तर ठोकळा तेवढ्यापुरता बुडी घेतो. डिस्क ब्रेकमध्ये पॅड झिजले तरी पातळी हळूहळू उतरते. जीपच्या ड्रम ब्रेकमध्ये वेळच्या वेळी समायोजन केले असेल तर तसे फारसे होत नाही, तेव्हा तेथे पातळी उतरली की गळतीच शोधावी. नळ्यांना हात घालणे हे जाणत्या मिस्त्रीचे काम. आपले काम तारांपुरते.

हा प्रयोग शाळेत करता येईल. पाण्याचे भांडे, थर्मोकोलचा तुकडा, छोटे चुंबक, पात्यांची कळ, दोन सेल आणि टॉर्चचा छोटा बल्ब एवढे पुरे. कळ भांड्याच्या बाहेरून, तळाजवळ चिकटवा आणि पाणी हळूहळू काढा. दिवा लागला की एक तार सोडून पाहा. मग विचार करा : भरलेल्या टाकीत दिवा लागलेला आणि पातळी उतरली की विझणारा, अशी उलटी जोडणी केली, तर तुटलेली तार लगेच उघडकीस येईल. मग मोटारीत सहसा तशी जोडणी का करीत नसावेत?