पहिला स्वेटर : आधीं नमुना, मग आरंभ

विणकाम शिकूं इच्छिणाऱ्यानें पहिला स्वेटर चार सरळ तुकड्यांचा करावा : पाठ, पुढील भाग व दोन बाह्या. प्रत्येक ओळ सुलट टांक्यांचीच असावी. दोन सरळ सुयांवर तें सहज साधतें.

परंतु प्रथम नमुना विणावा. तो न विणल्याचें फळ आम्हीं भोगलें आहे. मुलाची छाती 60 सेंटिमीटर. स्वेटर सैल, 64 सेंटिमीटर घेराचा हवा, म्हणजे पाठ 32. दर 10 सेंटिमीटरांत 20 टांके बसतील असें धरून आम्हीं 64 टांके घातले. आमचा हात घट्ट, बसले 22. पाठ 29 सेंटिमीटरच भरली, व सर्व काम उसवावें लागलें.

तेव्हां मध्यम जाडीची लोकर व 4 मिलिमीटर जाडीच्या सुया घेऊन, 30 टांक्यांचा चौकोन विणावा, आणि मधल्या 10 सेंटिमीटरांतील टांके मोजावे. ते 22 भरल्यास जाड सुया घ्याव्या, किंवा 64 ऐवजीं 70 टांके घालावे. खांदे शिवतांना डोकें सुखानें जाईल इतका गळा मोकळा ठेवावा. मग बाह्या लावून कुशी शिवाव्या.

वाचकहो, मोजण्यांत गेलेली एक संध्याकाळ वायां जात नाहीं. ती पुढील कित्येक दिवसांचे श्रम राखते.