आबिड्स सोडून गावी राहायला जावे का?

प्रश्न : माझे आजोबा निजामाच्या काळात निलंग्याकडून हैदराबादला आले आणि आमचे घराणे तेव्हापासून आबिड्सच्या आसपासच राहिले. मी बँकेतून निवृत्त झालो आहे. उरलेले आयुष्य एखाद्या लहान गावात काढावे, थोडे पैसे जमिनीत घालावेत, असे आम्हा दोघांना वाटते. भाचा इंडोनेशियात नोकरीला आहे. तो म्हणतो, लोंबोक बेटावरच्या खेड्यात इथल्या फ्लॅटच्या किमतीत बंगला मिळेल. एक एजंट झहीराबादकडच्या ‘फार्म प्लॉट’चे माहितीपत्रक देऊन गेला आहे. आजोबांचे गाव तर आहेच. राहणे, पैसा आणि सुरक्षितता, तिन्ही पाहता कुठे जावे?
— एक वाचक, आबिड्स, हैदराबाद

उत्तर : तिन्ही पर्यायांचा एकदमच विचार करताय हे चांगले झाले, कारण तिन्हीकडे कळीचा मुद्दा एकच आहे. गावात राहणे आणि गावात पैसे गुंतवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले आधी करा, दुसरे वर्षभराने.

लोंबोकचे आधी सांगतो, ते लवकर संपेल. इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी, तिकडच्या भाषेत ‘हक मिलिक’, फक्त त्या देशाच्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसाला मिळतो तो ‘हक पाकाई’, म्हणजे वापराचा हक. तो आधी 30 वर्षांचा, मग 20 ने आणि पुढे 30 ने वाढवता येणारा, आणि तोही तिथे राहण्याचा रीतसर परवाना असेल तरच. यावर एजंट एक वाट सुचवतात : एखाद्या स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घ्या आणि त्याच्याकडून वेगळा करार लिहून घ्या. त्या वाटेला अजिबात जाऊ नका. असा व्यवहार त्याच कायद्याने रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. भारतातून पैसे नेण्याची अडचण नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला 2,50,000 डॉलर पाठवता येतात आणि त्यातून परदेशात घरही घेता येते. पण पैसे पाठवण्याची मुभा मिळाली म्हणून घर तुमच्या मालकीचे होत नाही. भाच्याकडे दोन महिने राहून या, भाताची खाचरे पाहून या. घर घेऊ नका.

झहीराबादच्या माहितीपत्रकात ‘20 गुंठे, कंपाउंड, सागाची झाडे, क्लबहाउस’ असे काहीसे असणार. तेलंगणात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते, म्हणून हा धंदा इकडे फोफावला. त्यातले सगळेच खोटे नाहीत. पण सर्व्हे नंबर हातात आल्याशिवाय एजंटला बयाणा देऊ नका. तो नंबर भूभारती या सरकारी जमीन-नोंदींच्या पोर्टलवर तपासा. 2020 पासून ‘धरणी’ होते, एप्रिल 2025 पासून त्या जागी भूभारती आली. ती जमीन सरकारने भूमिहीनांना दिलेली असेल, तर 1977 च्या कायद्याने तिची विक्रीच होत नाही, मग ती कितीही हातांतून फिरलेली असो. कुळाच्या हक्काचे, कुळकायद्याच्या ‘अडतीस-ई’ कलमाखालचे प्रमाणपत्र कुणाच्या नावे निघाले आहे का, तेही पाहा, कारण मूळ कुळाचे नातू आजही कोर्टात उभे राहतात. त्या भागात न्याळकल आणि झरासंगम मंडळांत औद्योगिक क्षेत्रासाठी भूसंपादन चालू आहे, तेव्हा नकाशावर तुमचा तुकडा कुठे पडतो ते विचारून घ्या. आणि ‘झाडे आम्ही वाढवू, दहा वर्षांनी नफा तुमचा’ असे लिहिले असेल, तर ती जमीनविक्री राहत नाही, ती सामूहिक गुंतवणूक योजना ठरते. तिला सेबीची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा. मिळाला नाही तर बोलणे तिथेच संपवा.

आता आजोबांचे गाव. माझे मन तिकडेच ओढ घेते, हे लपवत नाही, पण काम जास्त आहे तेही तिथेच.

मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि जमिनीपुरता तो अजून पुरता बाहेर पडलेला नाही. तिथे आजही 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 47 मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणून तुमचा पहिला प्रश्न ‘एकराला भाव काय’ हा नाही. आजोबांच्या नावाची जमीन अजून सातबाऱ्यावर आहे का, हा आहे. असेल, तर वारसनोंद करून तुमचे नाव लागू शकते आणि शेतकरी असण्याचा पुरावा आपोआप उभा राहतो. नसेल, तर ती कधी आणि कुणाच्या नावे गेली ते फेरफारातून उलगडावे लागेल.

त्यासाठी 1954-55 चे खासरा पत्रक, म्हणजे त्या वर्षीची जमिनीची नोंद, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मागवा. त्याआधीचे कागद बहुधा उर्दूत असतील आणि साल फसली असेल. फसली सालात 590 मिळवले की इसवी सन येते. 1357 फसली म्हणजे 1947-48. हैदराबादेत राहिल्याचा इथे मोठा फायदा आहे. शिकस्ता लिपीतला उर्दू कागद वाचणारे वयस्क वकील, मुन्शी या शहरात अजून भेटतात. कागदावर ‘मदतमाश’ दिसले तर ती इनाम जमीन आहे, विक्रीवर अटी असू शकतात. ‘खिदमतमाश’ दिसले तर ती देवस्थानाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली असते. तिला हात लावू नका, मग विकणारा सख्खा चुलतभाऊ का असेना.

आत्यांचेही विसरू नका. आजोबांच्या मुलींचा आणि त्यांच्या मुलाबाळांचा हक्क वारसनोंदीत आलाच पाहिजे. ‘त्यांनी कधी मागितलेच नाही’ हे वाक्य वाटणीच्या दाव्यांत फार ऐकू येते. सगळ्यांना एकदा जेवायला बोलवा, कागद समोर ठेवा, मगच तलाठ्याकडे जा.

राहण्यासाठी शेतजमीन लागतच नाही. गावठाणातले घर शेतकरी नसलेलाही घेऊ शकतो. मात्र ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा दाखला नव्हे. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. तुमच्या गावात ती निघाली असेल तर तीच पाहा.

घर पाहताना भिंत पाहा. लोंबोकला 5 ऑगस्ट 2018 रोजी भूकंप झाला आणि 500 हून अधिक माणसे गेली, त्यातली बरीच विटांच्या कच्च्या बांधकामाखाली. पण त्यासाठी इतके लांब जायला नको. निलंग्याच्या शेजारी, औसा तालुक्यात किल्लारी आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमाराला, गणपती विसर्जनानंतर गावे गाढ झोपेत असताना, तिथल्या दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या मातीची ओझी माणसांच्या अंगावर आली. सुमारे 8 ते 10 हजार जीव गेले. तोवर दख्खनचा हा प्रदेश भूकंपापासून सुरक्षित मानला जात होता. पाहणीत दिसले ते असे : भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग जोडणारे आरपार दगडच नव्हते, मधे नुसती माती आणि कपऱ्या होत्या. हादऱ्याने दोन अंगे फाकली आणि भिंत फुटली. जिथे माळवद लाकडी खांबांवर पेलले होते, तिथे काही ठिकाणी भिंती पडूनही छत उभे राहिले.

म्हणून जुन्या वाड्याच्या नक्षीवर भाळण्याआधी एका गवंड्याला सोबत न्या. आरपार दगड आहेत का, दाराच्या माथ्यावर सलग काँक्रीटची पट्टी आहे का, माळवदावर वर्षानुवर्षे किती माती चढली आहे, हे त्याला तपासायला सांगा. दुरुस्ती होते, आणि नवीन घर बांधण्यापेक्षा स्वस्तात होते. माळवदाची जादा माती उतरवली तरी धोका बराच कमी होतो.

पाण्यासाठी गाव मे महिन्यात पाहा, दिवाळीत नको. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. बोअर किती फूट आहे, उन्हाळ्यात किती वेळ चालते, हे घरमालकाला विचारू नका, शेजारणीला विचारा. तेलंगणातले गाव निवडलेत तर पाण्यातले फ्लोराइड प्रयोगशाळेत तपासून घ्या. नळगोंड्याच्या कित्येक गावांत त्यानेच लोकांची हाडे वाकवली आहेत.

मी तुमच्या जागी असतो तर असे केले असते : गावात किंवा तालुक्याला भाड्याचे घर घेऊन एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढायचा. रात्रीची वीज किती जाते, सरकारी रुग्णालयात सर्पदंशावरचे प्रतिविष असते का, 108 ची गाडी किती वेळात येते, वहिनींना बोलायला कोण मिळते, हे तेवढ्यात कळेल. आबिड्सचा फ्लॅट तोवर विकू नका, भाड्याने द्या. निवृत्तीच्या पैशातला औषधपाण्याचा वाटा हैदराबादच्या बँकेतच ठेवा, कारण गावची जमीन अडचणीच्या आठवड्यात विकली जात नाही. वर्षभरानेही तिथेच राहावेसे वाटले, तर आधी गावठाणातले घर घ्या आणि शेतजमिनीचे वारसनोंद पूर्ण झाल्यावर पाहा. त्या वेळी सातबारा, फेरफार आणि खासरा पत्रकाच्या नकला मला पाठवा, आपण एकेक ओळ मिळून वाचू.