आधी पट, मग मोबाईल

सूनबाई, दुसरीतल्या पोराला गणिताची गोडी लागावी म्हणून तू मोबाईलवर खेळ उतरवून घेतलेस, चांगलं केलंस. जन्म खडू-फळ्यात गेला तरी मोबाईलच्या नावाने बोटं मोडणाऱ्यातली मी नाही. फक्त खेळ ठेवण्याआधी स्वतः मुद्दाम चुकून बघ. नुसती लाल फुली येऊन भोंगा वाजत असेल तर तो काढून टाक. चुकल्यावर दशकाचे गठ्ठे मांडून दाखवणारा ठेव. घड्याळ लावून पळवणारा तर नकोच, पोरं विचार सोडून नुसती बोटं मारत सुटतात.

पण त्याआधी माळ्यावरची सापशिडी काढ आणि शेजारी बसून त्याचं मोजणं ऐक. सोंगटी १७ वर आहे, फाशावर ४ पडले. पोरगं १७ वरच बोट टेकवून 'एक' म्हणतं आणि २० वर जाऊन बसतं. जायला हवं २१ वर. मोबाईलमधली सोंगटी आपोआप सरकते, त्यामुळे ही चूक तिथे झाकलीच जाते. अशा वेळी त्याला लोकलचं विचार: नायगावहून विरार कितवं स्टेशन? वसई रोड, नालासोपारा, विरार, तिसरं. आपण उभे आहोत ते नायगाव कोणी मोजत नाही. गोखिवऱ्यातल्या पोराला एवढं पुरतं.

सापशिडीत एक खोट आहे. ओळ उलटी वळते, म्हणून १७ च्या डोक्यावर २४ येतो. त्यासाठी फरशीवर खडूने १ ते १०० चा सरळ तक्ता आख, प्रत्येक ओळ डावीकडून. १७ च्या खाली २७, त्याखाली ३७. दहा-दहाने पुढे जाणं मग डोळ्यांनाच दिसतं.

आणि आकडे मराठीतून बोलून घे. एकोणतीस म्हणताना तोंडात तीस, लिहायचे मात्र २ आणि ९; पोरं अडखळणारच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांची लोकांनी टिंगल केली. माझ्या मते बाईंचं बरोबर होतं. आधी 'वीस नऊ', मग 'एकोणतीस', दोन्ही म्हणू दे.

पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपने स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. सोलापूरकडच्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी असे कोड पुस्तकांना लावले, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळालं. आपल्याकडे पावसात लाईट गेली की रेंजचाही भरवसा नसतो, तेव्हा व्हिडिओ आधीच उतरवून ठेव.

खेळ संपला की 'किती स्टार मिळाले?' विचारू नकोस. 'कसं काढलंस?' विचार. सांगता येईना, तर पुढची लेव्हल उघडून देऊ नकोस, कितीही रडला तरी.