चुंबक आणि गोळी: दोघांची कामे वेगळी

शिडीवर उभे राहून सूचनाफलक बसवताना एक हात फलकाला लागतो, दुसरा ड्रिल मशीनला. स्क्रू धरायला तिसरा हात नसतो. ते काम चुंबकी बिट होल्डर करतो. बिट म्हणजे स्क्रूच्या डोक्यात बसणारे टोक.

या होल्डरचा षटकोनी दांडा पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटर असतो. तो ड्रिलच्या चकमध्ये घसरत नाही. होल्डरची बाहेरची कडी सरकवली की आतली पोलादी गोळी मोकळी होते. बिट आत घालून कडी सोडली की गोळी बिटच्या खाचेत अडकते. 25 मिलिमीटरच्या आखूड बिटला मात्र पुष्कळदा फक्त चुंबकाचाच आधार असतो; ते स्क्रूमध्येच अडकून राहू शकते.

चुंबक लोखंडी स्क्रू धरतो. पितळी स्क्रू तो धरत नाही, स्टेनलेस स्टीलचे बरेचसे स्क्रूही नाही. तिथे आधी बारीक भोक पाडून स्क्रू हाताने दोन आटे फिरवून घ्यावा.

बिट बदलण्यापूर्वी मशीनची बॅटरी काढावी. चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसून टाकावा. आणि मित्रांनो, नकाशावाचनाला जाताना हा होल्डर खिशात नको. चुंबक जवळ असला की होकायंत्राची सुई उत्तर सोडते, आणि तिच्यामागे सगळी तुकडी वाट चुकते.