लहान झालं, सोपं झालं नाही

दूध संघाचं बिलिंग कधी न पाहिलेल्याला वाटतं, लिटर गुणिले दर, की झालं बिल. पण गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) धरून ठरतो. त्याच्या वरखाली गेलं की वाढ किंवा घट. म्हशीचं दरपत्रक वेगळं, सकाळ-संध्याकाळच्या नोंदी वेगळ्या. दर दहा दिवसांनी बिल निघताना पशुखाद्य, उचल, कर्जाचा हप्ता हे सगळं वळतं करून घ्यायचं. जावामध्ये लिहिलेल्या एका प्रोग्राममध्ये हा अख्खा संसार हजारेक ओळींच्या एकाच फंक्शनमध्ये मांडलेला होता. तो माझ्याकडे आला, तोवर त्याची एकदा ‘साफसफाई’ होऊन गेली होती.

साफसफाई दिसायला देखणी होती. पंधरा ओळींपेक्षा मोठं फंक्शन शोधून सापडत नव्हतं. कोड तपासणाऱ्या टूलवर सगळं हिरवं. आणि तरी संघाच्या कार्यालयातून तक्रार आली, की एका सभासदाच्या बिलात पशुखाद्याची कपात पडली आहे, त्याने तर पोतं उचललेलंच नाही. बिल काढणाऱ्या क्लार्कबाईंनी एक गोष्ट बरोबर हेरली होती : कपातीची रक्कम पैशापर्यंत तीच होती, जी यादीत त्याच्या लगेच वर असलेल्या सभासदाची होती.

तिथेच सगळं उलगडलं. जुन्या फंक्शनमध्ये कपातीचं व्हेरिएबल लोकल होतं. प्रत्येक सभासदासाठी फंक्शन नव्याने चालायचं आणि ते शून्यापासून सुरू व्हायचं. तुकडे करताना प्रश्न आला, की साठ फंक्शनांनी एकमेकांना किमती द्यायच्या कशा? सोपी वाट निघाली : सगळी लोकल व्हेरिएबल्स उचलून क्लासच्या फील्डमध्ये टाकली. मग कुठल्याही फंक्शनला पॅरामीटर लागेना, सगळीकडे रिकामे कंस. पण क्लासचं ऑब्जेक्ट लूपच्या बाहेर एकदाच तयार होत होतं. पशुखाद्याची नोंद असेल तरच त्या फील्डमध्ये रक्कम भरली जायची. नसेल तर मागच्याची रक्कम तशीच बसून राहायची. जुना कोड वाचवत नसला, तरी ही चूक त्यात होऊच शकत नव्हती.

एका ओळीत फील्ड शून्य करून वेळ निभावता आली असती. पण रोग दुसरा होता. ती साठ फंक्शनं ठरावीक क्रमानेच चालवावी लागत होती, आणि तो क्रम कुठेही लिहिलेला नव्हता. एक फंक्शन वाचायचं तर आधीची दहा कुठल्या फील्डला हात लावून गेली, ते डोक्यात धरायला हवं. हजार ओळींत निदान सगळं वरून खाली दिसत तरी होतं.

टूल हिरवं कसं, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. थॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये मांडलेलं गुंतागुंतीचं माप आजही बहुतेक टूल वापरतात. ते इफ, लूप अशा फाट्यांची मोजणी करतं. फाटे साठ ठिकाणी वाटले, की प्रत्येक ठिकाणचा आकडा उतरतो. माहिती कुठून कुठे वाहते, हे ते माप बघतच नाही. रॉबर्ट मार्टिन यांच्या २००८ च्या ‘क्लीन कोड’मध्ये वीस ओळींचं फंक्शनसुद्धा क्वचितच असावं, असा सल्ला आहे. आमच्याकडचे तरुण तो प्रमाण मानतात. मात्र त्याच प्रकरणातलं मोठं उदाहरण नीट पाहा, तिथेही छोटी फंक्शनं साधायला किमती फील्डमध्ये नेल्या आहेत. ते पुस्तक वाचावं, पण डोळे उघडे ठेवून. माझ्या मते लिनक्स कर्नलची कोडिंगशैली जास्त शहाणी आहे. फंक्शन पडद्याच्या एकदोन पानांत मावावं, असं ती सांगते, पण साधा-सरळ लांबलचक स्विच असेल तर लांबी चालवून घेते. आणि लोकल व्हेरिएबल्स पाच-दहाच्या वर जाऊ देऊ नका, असंही बजावते. आमचं दरपत्रकाचं फंक्शन आजही लांब आहे. ते कोणालाच अडत नाही.

पुन्हा सुरुवात केली ती मूळ फंक्शन व्हर्जन कंट्रोलमधून परत आणून. आधी त्याला हात लावला नाही. गेल्या वर्षभराच्या संकलनाच्या नोंदी त्यातून काढल्या आणि आलेली बिलं जपून ठेवली. बरोबर की चूक हे बघायचं नाही, आज काय निघतं ते पकडून ठेवायचं. मायकेल फेदर्स यांनी २००४ च्या पुस्तकात जुन्या कोडसाठी हीच रीत सांगितली आहे. मग प्रत्येक तुकडा काढला, की सगळी बिलं पुन्हा काढून पैशापैशाला ताडायची.

हे कंटाळवाणं वाटतं, म्हणून नाइट कॅपिटलची गोष्ट सांगून ठेवतो. या अमेरिकी ब्रोकर कंपनीने २००३ मध्ये एक जुनी सोय वापरातून काढली, पण तिचा कोड सर्व्हरवर तसाच ठेवला. २००५ मध्ये ‘ऑर्डर पुरी झाली का’ हे मोजणारा भाग जागेवरून हलवला आणि त्या जुन्या सोयीची चाचणी पुन्हा घेतली नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला, जुना फ्लॅग नव्या कामासाठी वापरला गेला आणि मेलेली सोय जागी झाली. ऑर्डर थांबेनात. पाऊण तासात ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा. हलवलेला तुकडा एकच होता.

तुकडे काढताना हाताने कापून चिकटवू नका, एडिटरचं ‘एक्स्ट्रॅक्ट मेथड’ वापरा. ते कधीकधी अडून बसतं : या भागातून दोन किमती बाहेर पडताहेत, एकच परत देता येते. माणसं तिथे चिडतात आणि फील्डकडे वळतात. तिथे थांबायचं असतं. त्या ओळींत दोन कामं गुंतलेली आहेत, एवढंच ते सांगत असतं. आमच्याकडे दर ठरवणं आणि प्रतवारीची नोंद करणं एकाच इफमध्ये अडकलं होतं. आधी तो इफ दोनदा लिहिला, मग दोन फंक्शनं आपोआप सुटी झाली. पॅरामीटर फार होऊ लागले, तर सोबत फिरणारे कोण ते पाहा. लिटर, फॅट, एसएनएफ, दुधाचा प्रकार, सकाळ की संध्याकाळ : हे पाचही कायम एकत्र हिंडत होते. त्यांची ‘संकलन नोंद’ झाली आणि कंस हलके झाले.

ताडताना काही पैशांचा फरक निघाला. जुना कोड प्रत्येक वेळच्या रकमेतले पैशाखालचे दशांश कापून मग बेरीज करायचा. आम्ही बेरजेनंतर पूर्णांकात आणत होतो. आमचं गणित अधिक बरोबर होतं. तरीही जुनीच रीत ठेवली, तिला स्वतःचं फंक्शन आणि नाव दिलं, आणि विषय लेखा विभागाकडे वेगळा पाठवला. त्यांनी नव्या आर्थिक वर्षापासून बदलायचं ठरवलं. तो बदल वेगळ्या कमिटमध्ये गेला, एका फंक्शनपुरता.