आदिम सोंडकिडे आणि त्यांच्या यजमान वनस्पती

कोठीतील तांदळाला लागणारे सोंडे, आंब्याच्या कोयीत वाढणारा भुंगा आणि माडाचे खोड पोखरणारा सोंड्या भुंगा हे सारे एकाच विशाल कीटकसमूहाचे घटक होत. डोक्याचा पुढील भाग सोंडेसारखा लांबलेला असून तिच्या टोकाशी मुख असते, ही या समूहाची ठळक खूण. आजवर या समूहातील ६० हजारांहून अधिक जातींचे वर्णन झाले आहे. एवढा विस्तार कसा घडून आला, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या यजमान वनस्पतींच्या, म्हणजे ज्या वनस्पतींवर ते उपजीविका करतात त्यांच्या, इतिहासात दडलेले आहे.

सरळ शृंगिकांचे कीटक

सोंडकिड्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. धान्यातील सोंड्यांच्या शृंगिका कोपरासारख्या वाकलेल्या असतात. आदिम कुलांतील कीटकांच्या शृंगिका मात्र सरळ असतात. या आदिम कुलांपैकी निमोनिकिडी हे कुल विशेष महत्त्वाचे मानले जाते. त्याच्या हयात जाती शंभराच्या आतच आहेत. त्यांतील बहुतेकांच्या अळ्या सूचिपर्णी वृक्षांच्या नर शंकूंत राहून परागकणांवर वाढतात. आपल्याकडे उद्यानांतून शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या अरौकॅरिया वृक्षाचे आप्त दक्षिण अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात नैसर्गिकरीत्या वाढतात आणि या कुलातील कित्येक जाती त्यांच्याच आश्रयाने जगतात.

कझाकस्तानातील कराताऊ येथे ज्युरासिक कालखंडाच्या उत्तरार्धातील खडकांत सोंडकिड्यांचे जीवाश्म सापडले आहेत. ते १५ कोटी वर्षांहून अधिक जुने असून निमोनिकिडी कुलाशी त्यांचे निकटचे साम्य आहे. सपुष्प वनस्पतींचा प्रसार त्यानंतर, क्रिटेशस कालखंडात झाला. तेव्हा सोंडकिड्यांच्या पूर्वजांचे आद्य अन्न सूचिपर्णीसारख्या फुलांविना बीज धरणाऱ्या वनस्पती हेच असले पाहिजे, असा निष्कर्ष निघतो. डंकन नव्हे, तर ड्युएन मॅकेना व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या डीएनएवर आधारित अभ्यासानेही यास दुजोरा दिला. सपुष्प वनस्पती पसरल्यानंतर काही काळाने वाकड्या शृंगिकांच्या सोंडकिड्यांचा मोठा विस्तार झाला, असे त्यांत दिसून आले. सोंडेने भोक पाडून बी, खोड वा कळी यांच्या आत अंडी घालण्याची सोय झाल्याने वनस्पतीचा प्रत्येक भाग या कीटकांना खुला झाला.

जुने झाड, नवा पाहुणा

मात्र यजमान वनस्पती प्राचीन म्हणून तिच्यावरील कीटकाचा संबंधही तितकाच प्राचीन, असे समजणे योग्य नव्हे. मेक्सिकोतील झामिया या सायकसवर्गीय वनस्पतीच्या नर शंकूंत बेलिडी या आदिम कुलातील सोंडकिडे वाढतात. त्यांच्या अळ्या शंकूचा भाग खातात. प्रौढ कीटक परागकण मादी शंकूंपर्यंत पोहोचवितात. वनस्पती थोडे गमावते आणि त्याच्या मोबदल्यात तिचे बीज धरते. तथापि सायकसवर्गीयांवर राहणारे सोंडकिडे निरनिराळ्या कुलांतील आहेत. म्हणजेच वेगवेगळ्या वंशांनी वेगवेगळ्या वेळी या वनस्पतींचा आश्रय घेतला. यजमान बदलण्याची ही क्षमता सोंडकिड्यांच्या इतिहासात वारंवार प्रत्ययास येते.

रताळ्याच्या शेतातील पुरावा

हा बदल केवळ कोट्यवधी वर्षांपूर्वी घडला असे नाही. रताळ्यावरील सोंड्या भुंगा हा सरळ शृंगिकांच्या ब्रेंटिडी कुलातील आहे. मुंगीसारखी अंगकाठी, निळसर काळे उदर आणि तांबूस वक्ष यांवरून तो ओळखता येतो. रताळे हे मूळचे अमेरिकेतील पीक, तर या भुंग्याची सायलस ही प्रजाती जुन्या जगातील. रताळ्याच्या कुळातील रानवेलींवर जगणाऱ्या या कीटकाने नव्याने आलेले पीकही आपलेसे केले. त्याच्या अळ्या वेलीच्या बुडख्यात व कंदात बोगदे करतात. पोखरलेल्या कंदात कडू द्रव्ये निर्माण होतात आणि थोडीशी कीडही तो खाण्यास निरुपयोगी करते.

अळी कंदाच्या आत सुरक्षित असल्याने वरवरच्या फवारणीचा उपयोग मर्यादित ठरतो. म्हणून यजमान वनस्पतींचे ज्ञान येथे प्रत्यक्ष उपयोगी पडते. बांधावरील रताळ्याच्या जातीच्या रानवेली काढून टाकणे, काढणीनंतर शेतात राहिलेले कंद व वेल नष्ट करणे, त्याच शेतात लागोपाठ रताळे न घेणे, लागवडीस कीडमुक्त वेल वापरणे आणि कंद उघडे पडू नयेत म्हणून वेळेवर मातीची भर देणे, हे उपाय कीटकाचा आश्रयच तोडतात. नर भुंगे पकडण्यासाठी कामगंध सापळ्यांची त्यास जोड देता येते. कीटक कोणत्या वनस्पतीवरून कोणत्या वनस्पतीवर आला, हे जाणणारा शेतकरी त्याची पुढील वाट वेळीच अडवू शकतो.