वेताळाच्या वतीने दोन शब्द

आमच्या पिढीतील ज्या मुंबईकरांचे बालपण रद्दीवाल्याच्या दुकानाजवळ गेले, त्यांस महाबली वेताळाची ओळख करून देण्याचे कारण नाही. परंतु हल्लीच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांस तो ठाऊक नसतो, म्हणून थोडक्यात सांगतो. ली फॉक या अमेरिकन लेखकाने 17 फेब्रुवारी 1936 रोजी वर्तमानपत्रांतून 'फँटम' नावाची चित्रमालिका सुरू केली. अंगासरशी बसणारा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, 'हीरो' नावाचा पांढरा घोडा, 'डेव्हिल' नावाचा लांडगा, आणि उजव्या हाताच्या बोटात कवटीची अंगठी, जिचा ठसा दुष्टांच्या जबड्यावर कायमचा उमटतो, असा हा वीर. सुपरमॅनचा जन्म 1938 चा. म्हणजे वेताळ त्याच्याहून दोन वर्षांनी वडील आहे. आपल्या देशात 1940 च्या दशकात तो 'इलस्ट्रेटेड वीकली'च्या पानांवर दिसू लागला. पुढे मार्च 1964 मध्ये बेनेट, कोलमन आणि कंपनीने मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स' काढले, ते 1990 पर्यंत चालले, आणि त्यांतून तो मराठी बोलू लागला.

मराठीत त्यास 'वेताळ' हे नाव ज्या कोणी दिले, त्याच्या बुद्धीचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते. शब्दकोशाकडे पाहून भाषांतर केले असते तर 'पिशाच' किंवा 'भुताटकी' असे काही झाले असते. पण मूळ कथेत जंगलातील लोक या वीरास मरण नसलेला, चालता-फिरता आत्मा समजतात, आणि त्यांस त्याचे भय वाटते तसा आधारही वाटतो. आमच्या कोकणात वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा नेमका असाच आहे. तो रात्री गावाची राखण करीत फिरतो, म्हणून भाविक लोक त्यास भल्या मोठ्या वहाणा वाहतात, आणि चालून चालून त्या झिजतात असे सांगतात. ज्या मुलाच्या आजीने त्यास वेतोबाची गोष्ट सांगितली होती, त्याला कवटीच्या गुहेतला वेताळ परका वाटला नाही.

आता मुख्य विषयाकडे वळतो. आमच्या वाचनालयात इंद्रजालचे काही जुने अंक भेटीदाखल आले, तेव्हा एका सुविद्य पालकांनी आम्हांस लिहिले की, हे अंक मुलांच्या हाती देऊ नयेत. चित्रकथांनी वाचनाची गोडी बिघडते, ही जुनी तक्रार त्यांची नव्हती. तसे असते तर उत्तर देणे सोपे होते. त्यांचा आक्षेप असा की, एक गोरा मनुष्य काळ्या लोकांच्या रानात येतो, त्यांचा न्यायाधीश, कोतवाल आणि जवळजवळ देव होऊन बसतो, आणि तेच आसन बापाकडून मुलाकडे एकवीस पिढ्या चालते. ज्या देशाने साहेबाचे राज्य घालविले, त्या देशाच्या मुलांनी अशा कथेस टाळ्या का द्याव्यात?

हा प्रश्न रास्त आहे. वेताळाचे वकीलपत्र घेणाऱ्याने प्रथम आपल्या अशिलाविरुद्धचा पुरावा मुकाट्याने वाचावा, असे आमचे मत आहे, आणि तो पुरावा हलका नाही. आरंभीच्या कथा आशियात, आपल्याच समुद्राच्या बाजूस घडतात. त्यांतील काळेसावळे लोक एक तर भोळे, नाही तर कपटी. वेताळाचे शत्रू असलेल्या समुद्री चाच्यांच्या टोळीचे नाव 'सिंग'. वेताळाच्या पित्याच्या पाठीत सुरा खुपसणाऱ्या दुष्टाचे नाव 'रामा'. प्रदेशाचे नाव 'बेंगाला'. आणि वेताळाचे परमस्नेही जे ठेंगू लोक, त्यांच्या जमातीचे नाव 'बांदार'. हे नाव किप्लिंगच्या जंगलकथांतील माकडांवरून आले आहे, हे हिंदी जाणणाऱ्या मुलास सांगावे लागत नाही.

इंद्रजालच्या संपादकांनी यांपैकी काही गोष्टी ओळखल्या. भारतीय आवृत्तीत 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले, 'रामा' हा 'रामालू' झाला, आणि 'बेंगाला'चा 'डेंकाली' झाला. मालिकेचे स्थळही पुढे आफ्रिकेत गेले. वाचकांच्या भावना दुखवू नयेत हा हेतू चांगलाच होता. पण थोडे थांबून पाहिले म्हणजे ध्यानात येते की, आमच्या अंगावर उडालेले शिंतोडे तेवढे पुसले गेले. आफ्रिकेतील माणसाच्या अंगावरचे होते तेथेच राहिले. आणि आम्ही सर्वजण समाधानाने पुढचे पान उलटीत गेलो. वेताळावर जो दोष ठेवावयाचा, त्यातील थोडा वाटा आम्हां वाचकांकडेही येतो.

मग बचाव तो कोणता? आमच्या मते बचाव कथेतच आहे, फक्त ती सबंध वाचावी लागते. पहिला वेताळ म्हणजे 1536 साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्यास लागलेला एक तरुण खलाशी. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या पित्याचा वध झाला होता. त्यास उचलून कोणी नेले, कोणी औषधपाणी केले, कोणी अन्न दिले? त्याच बांदार लोकांनी. म्हणजे या कथेतील पहिला उपकार गोऱ्याने काळ्यावर केलेला नाही. काळ्याने गोऱ्यावर केलेला आहे. चाच्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने जी शपथ घेतली, ती ऋणाईताची शपथ होय. चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी आपण व आपले वंशज लढू, असे तो म्हणतो. या भूमीवर राज्य करू, असे म्हणत नाही. आणि वेताळ अमर नाही, बाप मेला म्हणजे मुलगा तोच मुखवटा चढवितो, हे गुपित साऱ्या जगापासून लपविलेले असले तरी बांदार लोकांस पहिल्यापासून ठाऊक असते. त्यांचा नायक गुरन हा वेताळाचा बालमित्र आहे. जे त्याच्या सर्वांत जवळ राहतात त्यांच्याशी तो खोटे बोलत नाही. (उरलेल्या जंगलाशी बोलतो, हे खरे. या बाबतीत आम्ही त्याची वकिली करणार नाही.)

दुसरी गोष्ट लेखकाची. फॉकने 1936 साली जे लिहिले तेच तो जन्मभर लिहीत बसला असता, तर आम्हीही हे अंक कपाटात कुलूपबंद ठेवण्याच्या बाजूने मत दिले असते. पण तसे घडले नाही. 1960 च्या दशकात आफ्रिकेतील देश एकामागून एक स्वतंत्र होऊ लागले, आणि फॉकच्या कल्पित देशातही निवडणूक झाली. डॉ. लामांडा लुआगा हा कृष्णवर्णी विद्वान तेथील अध्यक्ष झाला, आणि बाबाबू नावाच्या सेनापतीने बळाने सत्ता घेऊ पाहिली, तेव्हा वेताळ लोकांनी निवडलेल्या अध्यक्षाच्या पाठीशी उभा राहिला. विद्यार्थ्यांनी या जागी बारकाईने पाहावे. एकवीस पिढ्यांचा दरारा ज्याच्यापाशी आहे, तो मनुष्य मतपेटीतून आलेल्या माणसास वरचे स्थान देतो. याच लेखकाच्या 'मॅन्ड्रेक'मध्येही असाच पालट झाला. मॅन्ड्रेकचा सोबती लोथार हा आफ्रिकेतील राजपुत्र. पण आरंभी त्यास बिबट्याचे कातडे नेसवून मोडकेतोडके बोलावयास लावले होते. 1965 मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स हे चित्रकार आल्यावर त्याने सभ्य पोशाख केला आणि त्याची भाषा सुधारली. आम्हांस तर वाटते की, भाषा लोथारची नव्हे, लिहिणाऱ्याची सुधारली.

मिशनच्या शाळेत शिकलेल्या व शिकविणाऱ्या माणसास या प्रश्नाची बोच थोडी अधिक लागते, हे येथे सांगणे भाग आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत उतरले. त्यांनी शाळा काढल्या, मुलींस अक्षरओळख दिली, 1842 मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केला. हे ऋण आम्ही नाकारीत नाही. पण उपकारकर्ता किती काळ घरात राहणार, आणि किल्ल्या कोणाच्या कनवटीस असणार, हा प्रश्न आमच्या वडीलधाऱ्यांनीही विचारला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडण्याचा संकल्प केला, तो काही साहेबांच्या द्वेषाने नव्हे. म्हणून वेताळाची कसोटी आम्ही एवढीच धरतो: तो किल्ल्या देतो की नाही? लुआगाच्या कथेत त्याने अर्ध्या दिल्या. उरलेल्या अर्ध्या म्हणजे कवटीची गुहा, अंगठी आणि मुखवटा, या अजून वॉकर घराण्यातच आहेत. फॉक 1999 साली वारला तोपर्यंत तरी त्या तेथून हलल्या नाहीत.

आठवीच्या एका मुलीने हेच आम्हांस वर्गात विचारले. "सर, चारशे वर्षांत एकही वेताळ बांदार का झाला नाही? त्यांनाच तर सगळं माहीत असतं ना?" आम्ही तिला उत्तर दिले नाही, कारण उत्तर फॉकपाशीही नव्हते. पण त्या पालकांच्या पत्रास उत्तर म्हणून हा एकच प्रश्न पुरेसा होता. जी मुलगी अंक वाचून असे विचारते, तिच्या हातून अंक काढून घेऊन आपण तिचे कोणते रक्षण करणार?

शिवाय खरा इतिहास तिला दुसरीकडे मिळतो. त्यासाठी दूर जाणे नको. माझगावच्या ज्या भंडारवाडा टेकडीवर आमची मुले सुटीत खेळतात, आणि जेथील बागेस आज काका जोसेफ बॅप्टिस्टा यांचे नाव आहे, तेथे एके काळी इंग्रजांचा किल्ला होता. 1689 साली जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान आपले आरमार घेऊन शिवडीस उतरला आणि त्याने माझगावचा हा किल्ला घेतला. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या हबशी लोकांचे वंशज. पुढील वर्षापर्यंत इंग्रज बॉम्बे कॅसलमध्ये अडकून पडले होते आणि बाहेर हबशी सरदाराचा अंमल होता. शेवटी इंग्रजांस औरंगजेबापुढे नमून दंड भरावा लागला, तेव्हा कोठे 1690 मध्ये सिद्दी निघून गेला, आणि जाताना किल्ला उद्ध्वस्त करून गेला. त्याच्या वाटेत सापडलेल्या गरिबांस त्याने काही सुखाने ठेवले नाही. त्यास आम्ही वीर म्हणून पुढे करीत नाही. पण आफ्रिकेचा माणूस म्हणजे ढोल वाजवीत गोऱ्या रक्षकाची वाट पाहणारा, ही चित्रकथेतील समजूत ज्याच्या डोक्यात बसली असेल, त्याने एकदा या टेकडीवर उभे राहून बंदराकडे पाहावे. जवळच्या अहमदनगरचा मलिक अंबर तर सर्वांस ठाऊकच आहे.

आणखी एक नवल सांगण्याजोगे आहे. पापुआ न्यू गिनी या देशातील वाघी खोऱ्यातील लोक वर्णाने काळे. तेथे 1980 च्या दशकात टोळ्यांची भांडणे पुन्हा पेटली, तेव्हा लढणाऱ्यांनी आपल्या माणसाएवढ्या उंच ढालींवर वेताळाचे चित्र रंगविले. अशा ढाली आज परदेशांतील संग्रहालयांत ठेवलेल्या आहेत. भांडणाचे आम्हांस कौतुक नाही. परंतु ज्यांचा अपमान या कथेत झाला असे आपण म्हणतो, त्याच वर्णाच्या लोकांनी कोणास न विचारता हा वीर उचलून आपला केला. मरण नसलेला माणूस ढालीवर असावा, एवढाच त्यांचा हिशेब होता. त्याच्या कातडीच्या रंगाची चौकशी त्यांनी केली नाही.

ज्या पालकांस एवढ्यानेही समाधान नसेल, त्यांस आम्ही त्याच इंद्रजालमधील बहादूर वाचावयास सांगू. डिसेंबर 1976 मध्ये आबिद सुरती यांनी त्यास जन्म दिला. सुरती हे आमच्या शेजारच्या डोंगरीत वाढलेले. बहादूर आपल्या मातीतला, कुडता आणि जीन घालणारा. त्याचा बाप डाकू होता आणि पोलिसांच्या गोळीने मेला. सूड घ्यावयास निघालेला मुलगा बापाची खरी करणी कळल्यावर डाकूंविरुद्ध गावाचे रक्षक दल उभारतो. वेताळास बापाच्या पुण्याईचे ओझे, बहादूरला बापाच्या पापाचे. दोघांस शेजारी ठेवून वाचले म्हणजे एक मौज दिसते: बहादूर आपला भूतकाळ झाकीत नाही, म्हणून त्याच्यावर कोणी आक्षेपही घेत नाही. वेताळाचा मात्र मुखवटा आहे.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही नववीच्या वर्गास निबंधाऐवजी वेताळाची शेवटची गोष्ट लिहावयास सांगितली. 1979 मध्ये फॉकने वेताळ व डायना यांस किट आणि हेलोईज ही जुळी मुले दिली होती, तेव्हा अंगठी मुलीस मिळेल असे पुष्कळांनी लिहिले, त्यांत मुलगेही होते. चौघांनी ती गुरनच्या नातीस दिली. एकाने चाच्यांस मुंबई बंदरात आणून त्यांची तस्करी माझगाव गोदीच्या कामगारांकडून पकडविली. वेताळ तेथे पोहोचतो तो सगळे संपल्यावर. आणि एका अबोल मुलाने असे लिहिले की, वेताळाने कवटीची गुहा अध्यक्ष लुआगांच्या सरकारास शाळेसाठी देऊन टाकली, मुखवटा गुरनपाशी ठेवला, आणि त्याच शाळेत भूगोल शिकविण्याची जागा मागितली. लुआगांनी त्याचा अर्ज ठेवून घेतला आहे व प्रमाणपत्रे मागविली आहेत.